भिंतीतली दुखावलेली वायर

घराच्या भिंतीत पुरलेल्या वायरला इजा होते ती बहुतेक वेळा भिंतीवर काहीतरी टांगताना. पाणी शुद्ध करणारे यंत्र, टीव्हीचा ब्रॅकेट, पडद्याचा रॉड, गणपतीच्या सजावटीसाठी ठोकलेला खिळा, निमित्त कोणतेही असो. ड्रिलचा बिट किंवा खिळ्याचे टोक प्लास्टर भेदून आत जाते आणि तिथे पीव्हीसी पाइपातली वायर सापडते. सुतार प्लायवूड भिंतीला बसवताना गनने पिना मारतो, प्लंबर गळती शोधताना छिन्नीने टाइल फोडतो, तेव्हाही हेच घडते. विजेवर चालणारी वस्तू सॉकेटच्या जवळ हवी म्हणून ती स्विचबोर्डच्या बरोबर वर बसवली जाते, आणि बोर्डात येणारा पाइप स्लॅबमधून खाली उतरतो तो नेमका त्याच उभ्या रेषेत. त्यामुळे ही दुर्घटना वाटते तितकी योगायोगाची नसते.

कन्सील्ड वायरिंगची पद्धत आपल्याकडे साधारण अशी आहे. स्लॅब ओतण्याआधी सळ्यांच्या जाळीवर पाइप टाकून ठेवतात. भिंती उभ्या राहिल्या की विटांत किंवा ब्लॉकमध्ये झिरी मारून बोर्डापर्यंत पाइप उतरवतात, झिरी सिमेंटने भरतात, तिच्यावर तारेची जाळी ठोकतात आणि मग प्लास्टर होते. पाइप बहुधा २० किंवा २५ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि प्लास्टरच्या पृष्ठभागापासून अनेकदा इंचभरही आत नसतो. नेहमीच्या गिट्टीसाठी पाडलेले भोक दीड इंच खोल जाते, म्हणजे पाइप गाठायला पुरेसे. पाइपात वायरी नंतर ओवल्या जातात : दिवे-पंख्यांना १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, सॉकेटला २.५ ची, गिझर आणि एसीला ४ ची. जुने वायरमन अजूनही ‘तीन-बावीस’, ‘सात-वीस’ अशी भाषा वापरतात; त्यातला पहिला आकडा वायरीतल्या तारांचा आणि दुसरा त्या तारेच्या गेजचा.

चाळी-वाड्यांत लाकडी पट्टीवर क्लिपा मारून नेलेली वायर डोळ्यांना दिसायची. तिला खिळा लागला तर तो कुठे लागला हे कळायला वेळ लागत नसे. वायर भिंतीत गेली तेव्हा घर देखणे झाले, पण हे दिसणे गेले. त्या बदल्यात पाइप मिळाला, आणि दुरुस्तीच्या दृष्टीने पाइप हीच या साऱ्या व्यवस्थेतली मोलाची गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये केबल पुष्कळदा थेट प्लास्टरखाली गाडतात. तिला भोक पडले तर भिंत उकरावीच लागते. अमेरिकेतल्या घरांत ती लाकडी सांगाड्याच्या पोकळीतून जाते. आपल्याकडे वायर पाइपात सुटी असते आणि बोर्डापासून बोर्डापर्यंत ओढून बाहेर काढता येते. ती तशी काढता यावी यासाठीच पाइप घातलेला असतो. तरीही प्रत्यक्षात भोकाभोवतीचे प्लास्टर उकरून, तुटलेली टोके पिळून, टेप गुंडाळून वर पुट्टी लावण्याचे काम सर्रास होते. ते का टाळायला हवे हे समजण्यासाठी आधी इजेचे प्रकार पाहावे लागतात.

पहिला प्रकार सर्वांच्या लक्षात येणारा. बिट एकाच वेळी फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरींना भिडतो, मोठा आवाज होतो, ठिणगी उडते, बिटचे टोक वितळते आणि एमसीबी, म्हणजे प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की आपोआप तुटणारा स्विच, पडते. घरातला पुरवठा २३० व्होल्टचा. वाटेतला एकूण रोध एक ओहम धरला तरी २३० अँपिअर प्रवाह धावतो. १६ अँपिअरची ‘सी’ प्रकारची एमसीबी ८० ते १६० अँपिअरच्या दरम्यान तत्क्षणी तुटते, म्हणून नुकसान तिथेच थांबते. घाबरवणारा असला तरी हा त्यातल्या त्यात बरा अपघात, कारण तो झाला हे सगळ्यांना कळते.

खिळा फेज आणि अर्थिंगला लागला तर काय होईल हे घराच्या अर्थिंगवर अवलंबून राहते. अर्थिंगचा खड्डा वर्षानुवर्षे कोरडा पडलेला असेल आणि त्या मार्गाचा रोध १० ओहम असेल तर प्रवाह जेमतेम २३ अँपिअर होतो. १६ अँपिअरची एमसीबी एवढा प्रवाह तासभरसुद्धा सोसू शकते. तेवढा वेळ भिंतीत वायर तापत राहते. आरसीसीबी बसवलेली असेल तर गोष्ट वेगळी. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांतला फरक ती मोजते आणि हा फरक ३० मिलिअँपिअर झाला की ०.३ सेकंदाच्या आत पुरवठा तोडते. मात्र फेज आणि न्यूट्रल एकमेकांना भिडले तर तिला काहीच जाणवत नाही, कारण जितका प्रवाह गेला तितकाच परत येतो. एमसीबी आणि आरसीसीबी दोन्ही लागतात त्या यासाठी.

खिळा फक्त फेजला लागला तर काहीच होत नाही, आणि तेच भयंकर असते. दिवे चालू राहतात, एमसीबी पडत नाही, भिंत कोरडी असेल तर आरसीसीबीही गप्प राहते. खिळा मात्र २३० व्होल्टवर असतो. त्यावर टांगलेल्या तसबिरीची तार, शेल्फचा लोखंडी ब्रॅकेट, टीव्हीचा सांगाडा, सगळ्यांत वीज उतरलेली असते. हात लावणारा कोरड्या लाकडी स्टुलावर उभा असेल तर त्याला नुसती झिणझिणी जाणवते. ओल्या फरशीवर अनवाणी उभा असेल तर तोच स्पर्श जीव घेऊ शकतो.

वायरीतल्या काही तारा तुटून काही शिल्लक राहतात, हा पुढचा प्रकार. १.५ चौरस मिलिमीटरच्या लवचीक वायरीत ०.३ मिलिमीटरच्या सुमारे २२ तारा असतात. बिटने त्यातल्या पंधरा-सोळा तोडल्या तरी उरलेल्यांवर दिवा लागतो, पंखा फिरतो, काम निभावले असे वाटते. जाडजूड वायरीवर मोठे लोड असले की हा भ्रम महाग पडतो. २००० वॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर ओढतो. तुटक्या जागी अर्धा ओहम रोध निर्माण झाला तर उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे तिथे सुमारे ३८ वॅट तयार होते. साधे सोल्डरिंग आयर्न २५ ते ३५ वॅटचे असते, आणि इथे तेवढी आग तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत, ७० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकणाऱ्या पीव्हीसीच्या वेष्टनात कोंडलेली असते. प्रवाह मुळीच वाढलेला नसल्यामुळे एमसीबीला यातले काही कळत नाही. भिंतीवर पिवळट-करडा डाग उमटणे, तिथे हात लावल्यावर गरम लागणे, जळक्या प्लास्टिकचा वास येणे, मोठे उपकरण सुरू होताच दिवे मंदावणे, ही याची लक्षणे.

न्यूट्रल तुटली तर उपकरण बंद पडते आणि ‘लाइट गेली’ असा समज होतो. फेज मात्र तशीच जिवंत असते. अशा सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटलेला पाहून भलेभले गोंधळतात. याचे कारण सोपे आहे : त्याच ओळीवरचा एखादा दिवा किंवा पंखा चालू असला की फेजची वीज त्यातून पलीकडे जाऊन न्यूट्रलच्या तुटक्या टोकापर्यंत पोचते आणि परतीची वाट नसल्यामुळे तिथेच राहते. काळी वायर म्हणून बिनधास्त हात लावणारा इथे फसतो.

सर्वांत मुका प्रकार अर्थिंगची वायर तुटण्याचा. हिरवी वायर तुटल्याने एकही दिवा बंद पडत नाही, एकही स्विच अडत नाही. महिन्यांनी, कदाचित वर्षांनी, गिझरचे कॉइल फुटते, वॉशिंग मशीनच्या पत्र्यात वीज उतरते आणि ती जमिनीत नेणारी वाट कुठेच नसते. म्हणून भिंतीत वायरला धक्का लागल्याची शंका आली की दिवे चालू आहेत एवढ्यावर समाधान मानता येत नाही.

इजा झाली त्या क्षणी काय करायचे याचा क्रम ठरलेला आहे. ड्रिल भिंतीत अडकले असेल तर ट्रिगर सोडून हात बाजूला घेतात. बिट हाताने ओढून काढत नाहीत. आजच्या ड्रिलची मूठ प्लास्टिकची आणि दुहेरी वेष्टनाची असते, तेवढ्यामुळे पुष्कळ जीव वाचले आहेत. पण बिट आणि त्याला धरणारा धातूचा चक जिवंत असू शकतो. खिळा अर्धवट ठोकलेला असेल तर तो पकडीने उपटण्याचा मोह आवरावा लागतो. आधी मेन स्विच बंद. त्या खोलीचे बटण किंवा त्या ओळीची एमसीबी पुरेशी नाही, कारण एकाच पाइपातून दोन-तीन ओळींच्या वायरी जाऊ शकतात आणि डीबीवरच्या, म्हणजे एमसीबींच्या पेटीवरच्या, चिठ्ठ्या खऱ्या असतीलच असे नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करून त्याचे आउटपुट तोडावे लागते. मेन बंद होताच इन्व्हर्टर आपोआप सुरू होतो आणि दिवे-पंख्यांच्या वायरींत पुन्हा २३० व्होल्ट सोडतो, ही गोष्ट घाईत हमखास विसरली जाते.

पडलेली एमसीबी ‘बघू तर’ म्हणून पुन्हा पुन्हा वर करणे ही दुसरी चूक. प्रत्येक वेळी तोच शॉर्ट नव्याने होतो, तांबे वितळते, शेजारच्या धड वायरींचे वेष्टनही भाजते आणि एका वायरीचे काम पाच वायरींचे होऊन बसते.

कोणाला शॉक बसून तो चिकटला असेल तर त्याला हाताने ओढायचे नसते. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू असे आखडतात की धरलेली वस्तू स्वतःहून सोडता येत नाही, आणि ओढणाराही त्यात सापडतो. मेन बंद करणे हा पहिला उपाय. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला दूर ढकलतात. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देणे ताबडतोब सुरू करून १०८ वर रुग्णवाहिका बोलावली पाहिजे. माणूस शुद्धीवर असला तरी छातीत धडधड, भोवळ किंवा भाजल्याची खूण असेल तर डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे. हृदयाची लय नंतरही बिघडू शकते.

यापुढचे काम परवानाधारक वायरमनचे. आयटीआयमध्ये हा अभ्यासक्रम ‘तारतंत्री’ या नावाने शिकवला जातो. मीटरच्या पुढची, म्हणजे घरातली वायरिंग ही ग्राहकाची जबाबदारी असते. वीज कंपनीचा माणूस ती दुरुस्त करायला येत नाही. भाड्याच्या घरात राहणारे लोक मालकाला सांगायला कचरतात आणि भोक पुट्टीने बुजवून टाकतात. त्यांची अडचण समजण्यासारखी आहे, पण त्या भिंतीत पुढचा भाडेकरू पुन्हा खिळा ठोकणार असतो आणि त्याला कोणी सावध करत नाही.

जाणता वायरमन कामाला हात घालण्याआधी वायर मृत असल्याची खात्री करतो, आणि ती नुसत्या पेन-टेस्टरवर सोडत नाही. टेस्टरचा निऑन पेटतो तो माणसाच्या अंगातून जाणाऱ्या सूक्ष्म प्रवाहावर. उजेडात तो दिसत नाही, जाड चपला घातल्या तर मंद होतो. मल्टिमीटरने किंवा दिव्याने फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे तिन्ही पाहावे लागते, आणि मीटर स्वतः चालतो आहे हे आधी दुसऱ्या चालू सॉकेटवर तपासून घ्यावे लागते. मग इजेच्या दोन्ही बाजूंचे बोर्ड उघडून वायरी सुट्या केल्या जातात आणि कोणती तुटली, कोणत्या एकमेकींना चिकटल्या हे मोजले जाते. रंगांवर विश्वास टाकता येत नाही. फेजला लाल, पिवळी किंवा निळी, न्यूट्रलला काळी, अर्थला हिरवी हा संकेत सर्वांना ठाऊक असला तरी साइटवर जो गुंडाळा हाताला लागला तो वापरलेली घरे काही कमी नाहीत.

खरी दुरुस्ती म्हणजे त्या टप्प्यातली वायर पूर्ण बदलणे. आपल्याकडे वायरी बोर्डातच लूप केलेल्या असतात, त्यामुळे बदलायचा तुकडा एका बोर्डापासून पुढच्या बोर्डापर्यंतचा असतो, साऱ्या घराचा नव्हे. जुन्या वायरीच्या टोकाला नवी वायर घट्ट आणि निमुळती बांधतात, शंखजिऱ्याची पूड लावतात आणि एक जण एकीकडून हळूहळू भरवत असताना दुसरा दुसरीकडून ओढतो. जुनी वायर अधेमध्ये पूर्ण तुटली असेल तर आधी फिश टेप किंवा जीआय तार सरकवून वाट काढावी लागते. पाइपातल्या फक्त तुटलेल्या वायरीला हात लावून बाकीच्या तशाच ठेवणे ही काटकसर चुकीची आहे. बिट फिरतो तेव्हा वायरींचा गुंता त्याच्याभोवती गुंडाळला जातो आणि शेजारच्या वायरीचे वेष्टन नखभर सोललेले असते, जे बाहेर काढून बोटांनी चाचपल्याशिवाय समजत नाही. सगळ्या बाहेर काढायच्या, पाहायच्या, आणि शंका असलेली प्रत्येक बदलायची. पाइपाला पडलेले भोकही बुजवायला हवे. नाहीतर प्लास्टरचा ओला माल आत शिरतो, आणि पुढच्या वेळी वायर ओढताच येत नाही.

कधी पाइप चेपलेला असतो, कधी मूळ काम करतानाच बेंड इतके दिलेले असतात की वायर हलत नाही. तेव्हा दोन मार्ग उरतात. एक, इजेच्या जागी प्लास्टर फोडून भिंतीत जंक्शन बॉक्स बसवायचा, जोड कनेक्टरने त्या बॉक्समध्ये करायचा आणि झाकण भिंतीवर उघडे ठेवायचे. दुसरा, ती वायर दोन्ही टोकांना तोडून कायमची सोडून द्यायची आणि केसिंग पट्टीतून भिंतीवरून नवी न्यायची. दोन्हींत भिंतीची शोभा थोडी जाते. वायरिंगच्या आयएस ७३२ या भारतीय मानकाची भूमिका स्पष्ट आहे : जोड हवा तिथे उघडता येणारा बॉक्स हवा, पाइपाच्या आत जोड नको. झाकणावर पुट्टी मारणे किंवा समोर कपाट बांधून घेणे म्हणजे तो नियम धुडकावणे.

भिंतीत पुरलेल्या टेपच्या जोडाचे काय होते हे पावसाळ्यात दिसते. टेपचा गोंद उष्णतेने सुकतो, सैल झालेल्या कडांतून ओल शिरते, तांबे हिरवे पडते, जोडाचा रोध वाढतो. कोकणात आणि मुंबईत जूनपासून भिंती महिनोन्‌महिने दमट राहतात. मे महिन्यात निमूट असलेली जखम जुलैत आरसीसीबी पाडू लागते, तीही रात्री-अपरात्री, पावसाची सर आली की. अशा वेळी कटकट नको म्हणून आरसीसीबी बायपास करून घेणारी घरे आहेत. खरे तर ती पडते आहे म्हणजे भिंतीतल्या ओलीतून वीज वाहते आहे, आणि ही सूचना देणारे घरात दुसरे काही नसते.

जुन्या इमारतींत आणखी एक पेच येतो. काही दशकांपूर्वीच्या घरांत अनेक ठिकाणी अ‍ॅल्युमिनिअमची वायर आहे. तिला तांब्याचा तुकडा पिळून जोडला तर ओलीत दोन धातूंमध्ये गंज चढतो, शिवाय तापताना अ‍ॅल्युमिनिअम अधिक प्रसरण पावून जोड सैल होतो. तिथे दोन्ही धातूंसाठी बनवलेला कनेक्टरच लागतो. शक्य असेल तर तो पूर्ण टप्पा तांब्याचा करणे उत्तम. याउलट मुंबई-पुण्याच्या नव्या टॉवरमध्ये अ‍ॅल्युमिनिअमचे साचे लावून भिंतीच काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. पाइप काँक्रीटमध्ये गाडलेला, भोवती सळ्या, आणि बहुतेक भिंती इमारतीचे वजन पेलणाऱ्या. अशी भिंत छिन्नीने फोडण्याचा विचार स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय करता येत नाही. वायर ओढता आली नाही तर बाहेरून पट्टी, एवढाच समंजस पर्याय.

नवी वायर घातल्यावर बोर्ड लगेच बंद करण्याची घाई नसावी. सर्व उपकरणे, एलईडी दिवे, पंख्याचे रेग्युलेटर सुटे करून मेगरने ५०० व्होल्टवर इन्सुलेशन तपासतात. एक मेगाओहमपेक्षा कमी आकडा आला तर काम अपुरे आहे. धड नव्या वायरीचा आकडा त्याच्या कितीतरी पट असतो. अर्थिंगची वायर सॉकेटपासून डीबीपर्यंत सलग आहे हे स्वतंत्रपणे पाहावे लागते. त्यानंतर पुरवठा सुरू करून आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबतात. ते दाबल्यावर आरसीसीबी पडली म्हणजे ती यंत्रणा ठीक आहे एवढेच कळते, घराचे अर्थिंग ठीक असल्याचे नव्हे. शेवटी त्या ओळीवरचे सर्वांत मोठे उपकरण अर्धा तास चालवून बोर्ड आणि भिंत तापत नाही ना, हे हाताने पाहायचे.

भोक पाडण्याआधी वायर कुठे आहे हे ताडण्याचे उपाय मर्यादित आहेत. बोर्ड आणि सॉकेट यांच्या वरची व खालची उभी पट्टी, दोन शेजारच्या बोर्डांना जोडणारी आडवी रेषा, छतालगतची हातभर जागा, या टाळायच्या. वायर हुडकणारे छोटे यंत्र मिळते. ते वापरताना त्या ओळीत पुरवठा चालू ठेवावा लागतो, कारण बंद वायर त्याला बहुधा सापडत नाही. झिरीवरच्या जाळीमुळे आणि ओलीमुळे ते खोटे इशारेही देते. यंत्राने नकार दिला तरी तपासून झाल्यावर त्या भिंतीतल्या ओळीची एमसीबी पाडून आणि ड्रिल दुसऱ्या ओळीवर लावून काम करणे अधिक सुरक्षित. पण सगळ्यांत भरवशाचा पुरावा प्लास्टर होण्याआधीच मिळतो. झिरी उघड्या असताना प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढला, फरशीपासूनचे आणि कोपऱ्यापासूनचे अंतर त्यावर लिहिले, की तो घराच्या कागदपत्रांत पुढच्या मालकापर्यंत जातो. दुरुस्तीसाठी भिंत पुन्हा उघडली तर तेव्हाचा फोटोही त्यातच ठेवतात, जंक्शन बॉक्स कोणत्या तारखेला आणि बोर्डापासून किती इंचांवर बसवला याच्या नोंदीसह.